दोन वाटा आणि एक राउटर

घरांत इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या कीं वेग दुप्पट होईल, असा सामान्य गृहस्थाचा हिशेब असतो. तो कां चुकतो हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

अमेरिकेंत १९६९ सालीं सुरू झालेल्या आर्पानेटच्या जाळ्यांत प्रत्येक नाक्यावरचें यंत्र विलंबाचा अंदाज घेऊन वाट निवडीत असे. १९७९ मध्यें ही पद्धति सुधारली; परंतु गर्दीच्या वेळीं एक तार मोकळी आहे असें कळलें कीं सारी वाहतूक तिच्यावर लोटे. ती तुंबली कीं सारी पुन्हां दुसरीकडे! १९८७ मध्यें विलंबाच्या मोजमापालाच लगाम घातला, तेव्हां हे हेलकावे आटोक्यांत आले.

हेलसिंकीच्या लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें आरंभिलेल्या लिनक्सला हाच प्रश्न निराळ्या रूपानें भेटला. १९९९ च्या जानेवारींत निघालेल्या २.२ या आवृत्तींत अलेक्सी कुझनेत्सोव यांनीं रचलेला मार्गविभाग होता. त्यांत एकाच ठिकाणासाठीं अनेक वाटा देतां येत व प्रत्येकीला वजनही ठरवितां येई. रुंद वाटेला तीन, अरुंद वाटेला एक.

मग निरोपाचीं पाकिटें आळीपाळीनें दोन्ही वाटांनीं कां धाडूं नयेत? एक तर तीं क्रम चुकून पोंचतात, आणि टीसीपीची शिस्त अशी कीं मागें राहिलेलें पाकीट हरवलें असें समजून पाठविणारा आपला वेग कमी करतो. दुसरी अडचण याहून कठीण. दोन कंपन्या दोन निरनिराळे पत्ते देतात. एका पत्त्यावरून सुरू झालेलें संभाषण मध्येंच दुसऱ्या पत्त्यावरून आलें, तर पलीकडचें यंत्र तें ओळखीतच नाहीं. शिवाय परक्या पत्त्याचें पाकीट पुष्कळ कंपन्या आपल्या दारांतच टाकून देतात. म्हणून जाणते लोक प्रत्येक जोडणीसाठीं वेगळा मार्गतक्ता ठेवीत आणि ज्याचा पत्ता त्याचीच वाट, असा नियम घालीत.

आरंभीं लिनक्सला सांवरलें तें एका वहीनें. एखाद्या ठिकाणासाठीं एकदां निवडलेली वाट ती टिपून ठेवी आणि पुढचीं पाकिटें तिच्याच मागें जात. परंतु खोट्या पत्त्यांच्या पाकिटांचा मारा करून कोणीही ती वही भरून टाकूं शके. डेव्हिड मिलर यांनीं ती काढून टाकली. सप्टेंबर २०१२ च्या ३.६ आवृत्तींतून ती नाहींशी झाली. निर्णय योग्यच होता, पण तिच्याबरोबर तिचें हें न सांगितलेलें कामही गेलें! राउटरमधून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची वाट पुन्हां नव्यानें निवडली जाऊं लागली, आणि दोन जोडण्या जोडून बसलेल्यांचीं संभाषणें तुटूं लागलीं.

जानेवारी २०१६ च्या ४.४ आवृत्तींत उपाय आला. पाठविणारा व घेणारा यांच्या पत्त्यांवरून एक आंकडा काढावयाचा व त्यावरून वाट ठरवावयाची. आंकडा तोच, म्हणून वाटही तीच. कांहीं लक्षांत ठेवण्याची गरजच उरली नाहीं. २०१७ च्या ४.१२ मध्यें पोर्टाचे क्रमांकही त्या हिशेबांत घेण्याची मुभा मिळाली, त्यामुळें एकाच ठिकाणाशीं चाललेलीं दोन संभाषणें दोन वाटांनीं जाऊं शकतात.

एकच संभाषण दोन वाटांवर पसरण्याची विद्या, म्हणजे मल्टिपाथ टीसीपी, २०२० सालीं ५.६ आवृत्तींत आली. मात्र तिच्यासाठीं दोन्ही टोकांच्या यंत्रांना ती अवगत असावी लागते.