पठ्ठे बापूराव ते मेमरी कार्ड

मंडळी, चैत्रातल्या जत्रा तोंडावर आल्यात, म्हणून हे लिहितोय.

रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. १८६६ साली तिथं श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले, तेव्हा ते साताऱ्यात होतं. (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, त्याचं नाव सांगली झालं १९६० ला. त्यामुळं माणूस कुणाचा यावर भांडू नका, दोघांचाही.) कुळकर्णीपण सोडून गडी तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला.

लावणीच्या शेवटी आपलं नाव गुंफायची शाहिरांची जुनी रीत. दुसऱ्या फडानं लावणी उचलली तरी कुणाची ते कळायचं. पण नाव राहिलं म्हणजे पैसा आला असं थोडंच आहे? फड गाजत होता तोवर कमाई होती. म्हातारपणी ती आटली, आणि १९४५ साली पुण्यात ते हलाखीत गेले. लावण्या मात्र लोक गातच राहिले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा आजचा हिशेब लावला, तर त्या लावण्यांवरचा हक्क २००५ च्या अखेरपर्यंत चालतो. तो हक्क मागायला कुणी गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मग ऐंशीच्या दशकात घरोघरी कॅसेट आली. रेकॉर्ड छापायला कारखाना लागायचा, कॅसेटची नक्कल दोन टेप जोडले की झाली. स्टँडजवळच्या दुकानात कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी गाणी भरून न्यायची. मीही भरून घेतल्यात, खोटं कशाला बोलू. १९८४ ला कायदा कडक झाला, नकलेला किमान सहा महिने कैद आणि ५० हजार दंड. आमच्या स्टँडवर तो कायदा उतरलेला मी काही पाहिला नाही.

आमच्या भागातल्या एका लोकगीत गायकाची कॅसेट तेव्हा निघाली. कंपनीनं एकदाच ठोक रक्कम हातावर ठेवली. गाणं जत्रेत वाजलं, ट्रॅक्टरवर वाजलं, पण अस्सल कॅसेट खपली नाही म्हणून दुसरी निघाली नाही. त्याला तेव्हा राग नव्हता. लोकांनी भरून नेलं म्हणूनच सुपाऱ्या येतात, असं तो म्हणायचा. खरंच होतं ते. नकलेनं नाव होतं, नावावर सुपारी मिळते. फक्त सुपारीला अंगात जोर लागतो, गळा लागतो. विकलेल्या गाण्याचा पैसा हा बसल्या जागी यायचा, म्हातारपणाचा. चोरीला गेला तो तो.

पुढं मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात शेकड्यानं गाणी भरून मिळायला लागली. नंतर तेही दुकान नको झालं, गाणं व्हॉट्सअॅपवर फुकट.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि हंगामच्या हंगाम गेला. फड बंद, जत्रा बंद, सुपाऱ्या परत. मी त्या गायकाकडं गेलो तेव्हा तो घरी बसून होता. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर त्याचंच गाणं चालू होतं, दुसऱ्याच कुणाच्या तरी चॅनेलवर टाकलेलं.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, व्यवहाराचा कागदच नाही. आत जाऊन त्यानं कॅसेटचं वेष्टन आणून दाखवलं. त्यावर नाव आहे त्याचं, फोटोही आहे.

तुमच्या गावात असं कुणी असेल तर कळवा. भेटायला येतो.