दर्यावरचे धुणे

अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून, चकलीचा तुकडा मोडीत हा अंक उघडणाऱ्या वाचकांपुढे मळक्या कपड्यांचे गाठोडे सोडणे फारसे मंगल नव्हे, हे मला कळते. पण त्याला कारण घडले. आमची मुलगी आणि जावई गेल्या उन्हाळ्यात आठ दिवसांच्या जलपर्यटनाला निघाले. तिकिटे, पासपोर्ट, जहाजावरचे पोहण्याचे तलाव, नाटकगृहे यांची चर्चा रंगली असता तिच्या आजीने कोपऱ्यातून एवढेच विचारले, "आणि धुण्याचे काय गं?" सगळे हसले. चहूकडे पाणीच पाणी, आणि हिला धुण्याची काळजी! मला मात्र हसू आले नाही. आजीने विचारले तेच शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी कित्येक पिढ्या डोक्याला हात लावून विचारले होते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शिडाच्या जहाजावर गोडे पाणी पिंपांत भरून न्यायचे, ते पिण्याला आणि शिजवण्याला. महिनोन् महिने जमीन दिसायची नाही, तेव्हा शर्टासाठी त्यातले भांडेभर तरी कोण देणार? म्हणून खलाशी आपले कपडे दोरीला बांधून जहाजामागे समुद्रात सोडीत. मळ निघे, पण मीठ बसे. मिठाचा गुण असा की ते हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे उन्हात कडक वाळलेला सदरा संध्याकाळी पुन्हा दमट व्हायचा, आणि काखेत, मानेशी घासून घासून अंगावर फोड उठायचे. पावसाची सर आली की सगळे गलबत आनंदाने वेडे होई, ते याचसाठी. ताडपत्र्या पसरून पाणी धरायचे आणि एकदाचे गोड्या पाण्याने धुणे उरकायचे. बरे, तेलकट डाग? त्यांच्यावर, दिवाळीच्या अंकात सांगू नये, पण इतिहास सोवळा नसतो, साठवलेल्या मूत्राचा प्रयोग होई. त्यातला अमोनिया मळ कापतो. रोमन परीटही तेच वापरीत, तेव्हा नाक मुरडण्यात अर्थ नाही.

साबण का नाही वापरला, असे कोणी विचारील. चरबीचा साधा साबण खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही. पाण्यातल्या चुन्याशी आणि मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडून दह्यासारख्या गुठळ्या होतात. ही अडचण सोडवली ती आपल्या कोकणच्या घरोघरी असलेल्या वस्तूने. खोबरेलाचा साबण समुद्राच्या पाण्यातही फेसाळतो. दर्यावर्दी लोकांत तो खास 'समुद्री साबण' म्हणूनच खपू लागला. ज्या माडाच्या सावलीत दर्यावर्दी वाढला, तोच माड त्याच्या सदऱ्याच्या मदतीला धावला म्हणायचा.

प्रवाशांची तऱ्हा वेगळी. कंपनी सरकारच्या काळात विलायतेहून हिंदुस्थानला यायचे तर आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने लागत. धुण्याची सोय नाही, म्हणून साहेब डझनांनी शर्ट घेऊन निघे, आणि मळलेला शर्ट ट्रंकेच्या तळाशी टाकीत मुंबई-कलकत्त्याची वाट पाही. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला. तरी सामानावर 'प्रवासात लागणारे' आणि 'न लागणारे' अशा चिठ्ठ्या चिकटवण्याची चाल राहिलीच. न लागणारे थेट तळघरात.

या कपड्यांच्या काटकसरीने एका तरुणाची मोठी फजिती केली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' जहाजाने निघालेल्या मोहनदास गांधी नावाच्या एकोणिसाव्या वर्षातल्या विद्यार्थ्याने जहाजावर सारा वेळ काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरतेवेळी घालण्यासाठी जपून ठेवला. विलायतेत पाऊल टाकायचे तर स्वच्छ, शुभ्र असावे, असे त्याला वाटले. सप्टेंबरअखेरच्या त्या थंडीत किनाऱ्यावर पांढरे कपडे घातलेला माणूस तो एकटाच! त्यातून सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात, दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे बदलायला काही नाही. आत्मचरित्रात त्यांनी ही लाज मोकळेपणाने सांगितली आहे. शुभ्र कपड्यांशी पुढे त्यांचे जे नाते जडले, ते मनात आणून हा प्रसंग वाचावा.

आता त्या शुभ्रतेमागच्या हातांकडे वळू. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजाने येथून पुष्कळ काही नेले, त्यात 'धोबी' हा शब्दही नेला. ब्रिटिश आरमारात आजही धुण्याला 'धोबी'च म्हणतात. कपडे धुणे म्हणजे 'धोबीइंग', साबणाची पूड म्हणजे 'धोबी डस्ट'. पूर्वी एखादे दोघे-तिघे खलाशी फावल्या वेळात पैसे घेऊन सोबत्यांचे कपडे धूत, तर त्यांची ती 'धोबी फर्म'. शब्द नेला, पण त्याबरोबर बदनामीही जोडली. उष्ण प्रदेशात घामाने जांघेत होणाऱ्या गजकर्णाला इंग्रजीत 'धोबी इच' म्हणतात. रोग बुरशीचा, दोष माथी मारला धोब्याच्या! एका बाबतीत मात्र धोब्यावरचा आरोप खरा निघाला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चमत्कारिक चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी तपास केला, आणि १९४३ साली गुन्हेगार सापडला: कॉलरवर खूण करायला वापरलेला बिब्बा. आमच्या आजीला विचारले असते तर तपासाची गरज पडली नसती.

आगबोटींना यंत्राने गोडे पाणी करता येऊ लागले, तरी मोठी जहाजेही धुण्याच्या भानगडीत एकदम पडली नाहीत. १० एप्रिल १९१२ रोजी निघालेल्या 'टायटॅनिक'वर स्क्वॉश खेळायची जागा होती, तुर्की हमामखाना होता, पण धुलाईखाना नव्हता. म्हणून तिच्यावर १५,००० चादरी, ६,००० मेजवस्त्रे आणि ४५,००० हातरुमाल, जेवताना मांडीवर घ्यायचे ते, भरून ठेवले होते. वापरायचे, बाजूला टाकायचे आणि बंदरात परतल्यावर धुवायला द्यायचे, असा हिशेब. परतणे नशिबी नव्हते.

पण निव्वळ मौजेच्या सफरीला हा हिशेब पुरत नाही. २२ जानेवारी १८९१ रोजी जर्मनीतून २४१ प्रवासी घेऊन 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' भूमध्य समुद्रात फिरायला निघाली आणि जवळजवळ दोन महिने हिंडून आली. जलपर्यटनाच्या धंद्याचा हा मोठा आरंभ मानतात. कामासाठी जाणारा मनुष्य एका कोटावर निभावून नेतो. मौजेला निघालेला सकाळी एक, पोहून आल्यावर दुसरा आणि रात्रीच्या जेवणाला तिसरा पोशाख चढवतो. पुढे १९६९ साली 'क्वीन एलिझाबेथ २' आली तेव्हा प्रवाशांनी स्वतः कपडे धुण्याची खोलीच तिच्यावर होती. हजारो मैल तोडून, हजारो रुपये खर्चून माणसे आपला नंबर लागण्याची वाट पाहत यंत्रापुढे बसत, आणि गप्पा पाणवठ्याला शोभतील अशा चालत. आज काही कंपन्या अशी खोली देतात, काही देत नाहीत. खोलीत इस्त्री नेण्याला मात्र आगीच्या भयाने बहुतेक जहाजांवर बंदी.

वरच्या मजल्यावर हे चालू असता खाली कोण असे? ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, आणि चादरी बदलणारे, मेजवस्त्रे अंथरणारे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात वाढणारे असत गोंयकार. बोट मिळेपर्यंत ते मुंबईत आपापल्या गावाच्या 'कुडां'त ट्रंका मांडून राहत. त्यांतली कितीतरी कुडे धोबीतलावावर. तलाव केव्हाच बुजला, धोबी उठून गेले; नाव राहिले.

आरमारी नौकांवरचे धुणे विसाव्या शतकात हाँगकाँगच्या चिनी लोकांकडे गेले. ते सैनिक नव्हते. पाण्याच्या रेषेजवळच्या कोंदट खोलीत वाफेत उभे राहून दुसऱ्यांचे गणवेश धुणारे नोकर. १९८२च्या फॉकलंड युद्धात मे महिन्यात 'शेफील्ड' आणि 'कॉव्हेंट्री' या नौकांवर मारा झाला, तेव्हा मेलेल्यांत दोन्ही नौकांवरचा एकेक धोबीही होता.

आमची मुलगी परत आली ती सूटकेस कशीबशी बंद करून. जहाजावर पिशवीमागे पैसे घेत, ते तिला फार वाटले. पहिले चार दिवस न्हाणीघरात हाताने धुऊन पाहिले, पण दमट हवेत काही वाळेना. आजीने सूटकेस उघडली, वास घेतला आणि घड्याळाकडे पाहिले.

"सातला नळ जातो," ती म्हणाली. "आधी भिजत घाल. बाकीची हकीकत मग सांग."