वसई मोहिमेच्या कागदपत्रांतील काजळ

इ. स. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी उत्तर कोकणात पोर्तुगीजांशी जो संग्राम केला, त्यात मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या हाती वसई आली. या संग्रामाची हकीकत उभयपक्षांच्या कागदांवरून जुळविली जाते. त्या कागदांवरील काळा रंग मात्र एकाच जातीचा नव्हे. मोडी पत्रे सामान्यतः काजळ व डिंक यांच्या शाईने लिहिली जात. पोर्तुगीज दप्तरांत मायफळ व हिराकस यांच्या शाईचा प्रघात होता. पहिली कागदाच्या पृष्ठावर बसते. दुसरी त्यात मुरते व कालांतराने त्यालाच खाते.

काजळ हा कार्बन खरा. परंतु तेवढ्याने त्याचे गुण कळत नाहीत. ते धरले कसे, यावर सारे अवलंबून असते. तेलाच्या वाफा अपुऱ्या हवेत जळल्या म्हणजे काही दशक नॅनोमीटर व्यासाचे गोल कण बनतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश) आणि एकमेकांस चिकटून त्यांच्या साखळ्या होतात. बारीक वातीचे काजळ मऊ, जाड वातीचे भरड. चिनी शाईकार लांब भट्टीत पाइनचे लाकूड जाळीत व ज्वालेपासून सर्वांत दूर साचलेले काजळ उत्तम शाईसाठी राखीत. पुढे डिंकाच्या पाण्यात पुष्कळ घोटल्याने या साखळ्या सुटतात आणि डिंकाचे आवरण कणांना पुन्हा जुळू देत नाही.

मराठी भाषेने हा भेद आपल्या परीने टिपला आहे. मुद्दाम धरले ते काजळ. दुर्लक्षाने दिव्याच्या काचेवर चढली ती काजळी. उलट ‘शाई’ हा शब्द फारसी ‘स्याही’वरून, म्हणजे काळेपणावरून आलेला, म्हणूनच ‘लाल शाई’ हा प्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने मोठा गमतीचा ठरतो.

आधुनिक प्रयोगशाळेत कार्बनचे सूक्ष्मकण उलट वाटेनेही मिळवितात. सल्फ्यूरिक आम्लाने ग्रॅफाइट फुगते, हे जर्मनीतील शाफहॉइट्ल याने १८४० मध्ये नोंदविले. थरांत आम्ल शिरलेले ग्रॅफाइट एकाएकी तीव्र तापविल्यास लाहीसारखे फुलते. सावकाश तापविल्यास आम्ल निसटून जाते व फुलोरा उणा पडतो. फुललेले ग्रॅफाइट फोडून मिळणारे कण पातळ पापुद्र्यांचे असतात, काजळासारखे गोल नव्हेत. द्रव्य एकच, घडण भिन्न.

दप्तरखान्यात या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. हिराकशीच्या शाईने पोखरलेल्या कागदातील आम्ल काढण्यासाठी तो पाण्याने धुण्याची रीत आहे. तोच उपाय मोडी पत्रावर केल्यास डिंक विरघळतो, आणि पावणेतीनशे वर्षांत न विटलेले काजळ पाण्याबरोबर वाहून जाते.