वेढ्यातील वाद्यवृंद

संकटकाल आला की पहिली कात्री लागते ती कलेला. पोटात अन्न नसताना गाणेबजावणे कशाला, हा प्रश्न वरवर पाहता रास्तच वाटतो. त्याचे इतिहासाने दिलेले एक उत्तर आम्ही ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवू इच्छितो.

रशियातील लेनिनग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, या नगरीला जर्मन सैन्याने ८ सप्टेंबर १९४१ रोजी वेढा घातला. तो २७ जानेवारी १९४४ रोजी पूर्णपणे उठला. पहिल्या हिवाळ्यात कामगार नसलेल्या नागरिकाच्या वाट्यास दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येई, आणि तोही भेसळीचा. लक्षावधी माणसे भुकेने व थंडीने मृत्युमुखी पडली. अशा काळात नभोवाणी हाच घरोघरचा सोबती होता. कार्यक्रम नसे तेव्हा तीवरून तालयंत्राचा ठोका ऐकू येई. ठोका संथ असला तर निर्धास्त असावे, जलद झाला तर विमाने आली असे समजावे. ओल्गा बेर्गोल्ट्स ही कवयित्री तेथूनच आपल्या कविता नगरवासीयांना ऐकवीत असे.

याच नगरीचे सुपुत्र दिमित्री शोस्ताकोविच यांनी आपली सातवी सिंफनी येथेच लिहावयास घेतली होती. ती येथे वाजविण्याचे ठरले तेव्हा नभोवाणीच्या वाद्यवृंदातील सुमारे पंधराच वादक हजर राहू शकले. कित्येक मरण पावले होते. फुंकवाद्ये वाजविणाऱ्यांना दम पुरेना, म्हणून पहिली तालीम पाव तासात आटोपावी लागली. तथापि संचालक कार्ल एलियासबर्ग यांनी धीर सोडला नाही. आघाडीवरून सैनिक-वादक बोलावण्यात आले, वादकांना जादा शिधा मिळाला, आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजी प्रयोग पार पडला. शत्रूच्या तोफांनी विघ्न आणू नये म्हणून रशियन तोफखान्याने त्यांच्यावर आधीच मारा केला. ध्वनिक्षेपकांवरून ते सूर नगरभर, किंबहुना शत्रूच्या खंदकांपर्यंत पोहोचले.

त्या संगीताने कोणाचीही भूक भागली नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपापल्या शिध्याच्या चिंतेत एकाकी झालेली माणसे त्या सायंकाळी पुन्हा एका नगरीचे नागरिक होऊन एकत्र बसली. वादकांस जादा पाव देणाऱ्यांना हे मोल कळले होते.

टंचाईच्या वर्षी आपल्या एखाद्या सभेत भजनी मंडळाचे वा संगीतवर्गाचे साहाय्य बंद करण्याची सूचना पुढे येईल, तेव्हा सभासदांनी त्या पंधरा वादकांचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.