हैदराबादच्या चित्रसृष्टीचे पहिले पर्व

हैदराबादेतील नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बझार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नारायणगुड्यात पुढे चित्रपटगृहेही झाली व तेथे हिंदी-तेलुगू बोलपटांना गर्दी लोटू लागली. परंतु या शहरात चित्रपट नुसते दाखविण्याऐवजी तयार करण्याचे धाडस प्रथम ज्यांनी केले, त्यांचे नाव आज तेथे फारसे कोणाच्या ओठी नाही. ते गृहस्थ म्हणजे नट, दिग्दर्शक आणि निर्माते धीरेंद्रनाथ गांगुली.

गांगुलींचा जन्म 1893 सालचा, कलकत्त्याचा. शांतिनिकेतनात शिक्षण घेऊन ते निजामाच्या राज्यातील कलाशाळेचे मुख्याध्यापक झाले. स्त्रीपुरुषांची नाना सोंगे स्वतःच घेऊन काढलेल्या छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक 1915 मध्ये निघाले. चित्रकाराची दृष्टी आणि बहुरूप्याची कला त्यांच्या ठायी अशी एकत्र नांदत होती. 1921 साली 'बिलेत फेरत' या मूकपटात विलायतेहून परतलेल्या तरुणाची भूमिका करून त्यांनी साहेबी थाटाची व जुन्या सोवळेपणाची सारखीच थट्टा केली.

पुढच्याच वर्षी ते हैदराबादेस आले आणि त्यांनी लोटस फिल्म कंपनी स्थापन केली. निजामाचा आश्रय लाभला. चित्रीकरणाची जागा, रसायनशाळा आणि चित्रपटगृहे असा सारा संसार उभा राहिला. 'हरगौरी', 'लेडी टीचर', 'इंद्रजित' असे पौराणिक व सामाजिक मूकपट तेथून बाहेर पडले. हा उद्योग येथे मूळ धरणार, असेच कोणासही वाटले असते.

पण 1924 मध्ये गांगुलींनी आपल्या चित्रपटगृहात मुंबईचा 'रझिया बेगम' दाखविला. दिल्लीच्या त्या सुलतान स्त्रीची प्रेमकथा निजामास रुचली नाही आणि गांगुलींना राज्य सोडण्याची आज्ञा झाली. नवल असे, की ज्या चित्रपटाने ही आपत्ती ओढवली, तो त्यांनी निर्मिलेला नव्हता. त्यांनी तो फक्त पडद्यावर आणला होता. त्यांच्या हैदराबादेतील उद्योगाचा तेथेच शेवट झाला.

येथे कोल्हापूरची आठवण होते. बाबूराव पेंटरांनाही शाहू छत्रपतींचे प्रोत्साहन होते. पण त्यांच्या कंपनीस तानीबाई कागलकरांचे भांडवल मिळाले आणि 1920 च्या 'सैरंध्री'ला पुण्याचा प्रेक्षक मिळाला. राजाश्रयास लोकाश्रयाची जोड होती. भांडवलदाराशी बिनसले तर दुसरा शोधता येतो; निजामी अमलात एकदा मर्जी फिरली, की दाद मागण्यास दुसरे दार नसे. जी मर्जी कंपनी उभी करते, तीच एका दिवसात ती मोडूही शकते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

गांगुली मात्र खचले नाहीत. 1929 मध्ये त्यांनी कलकत्त्यास ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स ही नवी कंपनी काढली. देवकी बोस आणि प्रमथेश बरुआ यांची चित्रपटक्षेत्रातील प्रारंभीची पावले तेथेच पडली. बोलपटांच्या आगमनाने तीही कंपनी टिकली नाही. तरी गांगुलींचे काम चालूच राहिले. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण आणि 1975 चे दादासाहेब फाळके पारितोषिक मिळाले. 1978 मध्ये ते निवर्तले.

पुढे अनेक दशकांनी तेलुगू चित्रसृष्टी मद्रासहून हैदराबादेस आली आणि तेथे भव्य स्टुडिओ उभे राहिले. त्या वैभवाकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे, की या भूमीत पहिले बी 1922 सालीच पडले होते. ते उगवलेही होते. उपटले गेले, इतकेच.