धक्का सोसणारे नव्हे, डुलणे थांबवणारे

जुन्या मोटारीचे दिवे, भोंगा, पुढची चकचकीत जाळी यांचे कौतुक सगळेच करतात. मी बोलणार आहे तो भाग कायम चिखलात असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘शॉकअप’ म्हणतात, पुस्तकात ‘शॉक ॲब्सॉर्बर’. श्रोतेहो, हे नावच फसवे आहे. खड्ड्याचा धक्का सोसतात ते पाटे, म्हणजे स्प्रिंग. धक्का सोसल्यावर पाटे डुलत राहतात आणि ते डुलणे थांबवणे हे या यंत्राचे काम. इंग्रज त्याला ‘डँपर’ म्हणतात, ते मला अधिक पटते.

गाड्या हळू धावत होत्या तोवर पाट्यांचे आपसातले घर्षण पुरत असे. वेग वाढला आणि गाड्या घोड्यासारख्या उधळू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या त्रुफो यांची युक्ती अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी बाजारात आणली. कात्रीसारखे दोन हात, सांध्यात घासणाऱ्या चकत्या आणि मधोमध आवळायचा बोल्ट. बुगाटीच्या ‘टाइप ३५’ला हेच असत. असा सांधा दिसला की घर्षणाचा डँपर समजावा. तो कुरकुरतो म्हणून कुणी त्यात तेल सोडतो. असे करू नये, कारण कुरकुर थांबते आणि त्याबरोबर कामही!

त्याच काळात क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांचा ‘गेब्रिएल स्नबर’ आला. त्यात गुंडाळलेला पट्टा असे. गाडी वर उसळू लागली की तो ओढून धरी, खाली दबताना मात्र गप्प बसे.

घर्षणाचा दोष असा, की थांबलेली चकती हलवायला जोर जास्त लागतो आणि एकदा हलली की कमी. म्हणजे बारीक खड्ड्यात गाडी ताठ, मोठ्यात सैल. द्रवाचे उलट असते. तो जितका जोरात ढकलावा तितका अडवतो. फ्रान्सच्याच मोरिस उदाय यांनी हे तत्त्व वापरले. ओतीव डबीत पाती बसवलेला शाफ्ट फिरतो आणि द्रवाला अरुंद वाटेने जावे लागते. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला कारखान्यातून डँपर मिळतच नसे. १९२७च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ला मात्र उदाय पद्धतीचे चार लागले. फोर्डने १९२६ साली भारतात कंपनी काढली होती, त्यामुळे ही गाडी आपल्यालाही परकी नाही.

चेसिसला बोल्टने बसवलेली गोल डबी आणि तिच्यातून निघालेला हात, ही या डँपरची खूण. डावा-उजवा अदलाबदल करू नये. गाडी उसळताना अडवायचा जोर जास्त ठेवलेला असतो आणि दोन बाजूंना हात उलट दिशांनी फिरतो. तपासायला दुवा सोडवून हात सावकाश फिरवावा. सगळीकडे सारखा अडला तर ठीक. मधेच मोकळा सुटला तर आत हवा आहे किंवा द्रव कमी आहे. हललाच नाही तर बहुधा गंज. मूळ द्रव होता ग्लिसरीन, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते.

असा गंजलेला डँपर पाहिला की मालकाला घाई होते. नवी नळी आणायची, चेसिसला भोके पाडायची, जुनी डबी भंगारात. मला हे बघवत नाही. भोक बुजवता येते, पण कारखान्यातली मूळ चौकट परत येत नाही. डबी उघडून गंज काढावा, शाफ्टची झीज मोजावी, गरज असेल तिथे बुश आणि नवे सील बसवावे. मग द्रव थेंबाथेंबाने भरत हात खालीवर करावा, म्हणजे हवा निघून जाते. हे एका दुपारचे काम नव्हे, हे मालकाला आधीच सांगावे.

१९४८ साली आलेल्या ‘मॉरिस मायनर’च्या आणि तिच्यावरून आपल्याकडे झालेल्या ‘बेबी हिंदुस्थान’च्या बाबतीत तर चालढकल चालतच नाही. तिथे पुढच्या डँपरचा हात हाच चाक धरून ठेवणारा वरचा दुवा आहे. गाडी जॅकवर उचलावी, चाक वर-खाली धरून हलवावे. हात मुळाशी खटखटला, तर डँपर उतरवून दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.