पायाळू विमान

देवाने सृष्टी निर्माण करताना शेपूट मागे लावले. गाय, घोडा, मांजर, मासा, घार, चिमणी, झाडून सगळ्यांचे शेपूट मागे. माणूस विमान करायला निघाला तो या पक्ष्यांकडे बघूनच, तेव्हा विमानाचेही शेपूट मागेच असणार, असे कोणालाही वाटेल. पण विमानाच्या इतिहासातली गंमत अशी की इंजिनाच्या जोरावर धड उडालेले पहिले विमान जन्माला आले तेच मुळी पायाळू. शेपूट पुढे आणि पंख मागे! पायाळू माणसाला म्हणे जमिनीतले धन दिसते. या विमानाला आभाळ दिसले.

हे सगळे मला ठाऊक असण्याचे कारण म्हणजे माझ्या पुतण्याने मला दिलेला संगणक आणि त्यातला विमान उडवण्याचा खेळ. त्याला 'खेळ' म्हटलेले पुतण्याला खपत नाही. "काका, सिम्युलेटर म्हणा," असे तो बजावतो. तेव्हा सिम्युलेटर. रोज रात्री जेवणे आटोपली की मी कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटातून विमान उडवतो आणि दूधवाल्याचे कूपन बाहेर ठेवायच्या आत उतरतो. बाकीचे लोक जंबो जेट उडवतात. मला मात्र वेड लागले ते घरी बांधायच्या, शेपूट पुढे असलेल्या विमानांचे. ही विमाने पडद्यावर खरीखुरी वागवायची, एवढेच माझे उतारवयातले ध्येय आहे. कोणी ज्ञानेश्वरी घेऊन बसतात, मी हे घेऊन बसलो आहे.

पण आधी त्या पायाळूची जन्मकथा.

राइट बंधूंनी शेपूट पुढे लावले ते हौसेने नव्हे, धास्तीने. जर्मनीत लिलिएन्थाल नावाचा मोठा धाडसी गृहस्थ टेकडीवरून ग्लायडर घेऊन उड्या मारायचा. 1896 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या ग्लायडरचे नाक वर गेले, पंखांनी दम सोडला, यंत्र खाली आले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. या मरणाचा राइट बंधूंच्या मनावर खोल परिणाम झाला. नाक वरखाली करणारी फळी पुढे असली तर असे डोक्यावर कोसळणे टळेल, असा त्यांचा हिशेब. शिवाय फळी डोळ्यांसमोर राहते, ती काय करते आहे ते दिसते. भांडखोर पाहुण्याला आपण समोरच्या खुर्चीवर बसवतो, त्यातला हा प्रकार.

17 डिसेंबर 1903 ला किटी हॉकजवळच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट पालथा झोपून 12 सेकंद उडाला. अंतर 120 फूट. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून इस्त्रीवाल्याची टपरी याहून लांब आहे. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर 59 सेकंद उडाला आणि 852 फूट गेला. जगाचा इतिहास बदलला तो एका मिनिटाच्या आत.

मात्र ते यंत्र फार लहरी होते. 1999 मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती करून नासाच्या वातबोगद्यात तपासली, तेव्हा आकडेच बोलले. तळहातावर काठी उभी धरायची, तसे ते विमान क्षणोक्षणी सावरावे लागे. पुढे 2003 मध्ये शंभर वर्षे झाली म्हणून त्याच जागी हजारो माणसे जमवून दुसरी एक प्रतिकृती उडवायचा घाट घातला. पाऊस आला, वारा पडला आणि विमान रुळावरून घसरून चिखलात बसले. शंभराव्या वाढदिवशी उत्सवमूर्तीने रुसावे, हे आपल्याला काही नवीन नाही.

या जातीच्या विमानाचे बारसे झाले ते पॅरिसमध्ये. ब्राझीलचा सांतोस-द्युमाँ हा नीटनेटका, शौकीन गृहस्थ. 1906 साली त्याने आपले विमान लोकांदेखत उडवले. वेताच्या टोपलीत उभे राहून! बसायला जागा नाही म्हणून उभ्याने जाण्याची सवय मुंबईकरांच्या आधी विमानाला होती. लांब मान पुढे काढलेले ते ध्यान पाहून पॅरिसकर म्हणाले, हे तर बदक. फ्रेंचमध्ये बदकाला 'कॅनार' म्हणतात. तोच शब्द इंग्रजांनी 'कॅनार्ड' म्हणून उचलला आणि तो पुढच्या पंखाला चिकटला. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे, खोटी बातमी. नावातच शंका असलेले हे एकुलते एक विमान असावे.

पण बदकाचे दिवस लवकर फिरले. 1909 साली इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानाला शेपूट मागे होते, आणि 1910 पर्यंत खुद्द राइट बंधूंनीही आपली फळी मागे नेली. पुढची साठ वर्षे शेपूट पुढे असलेले विमान म्हणजे एखाद्या वेड्या पीराने केलेला प्रयोग, एवढीच त्याची पत राहिली.

मग आला बर्ट रुटान. लहानपणी मॉडेल विमाने करणारा, मोठेपणी अमेरिकन हवाई दलाच्या एडवर्ड्‌स तळावर विमानांच्या चाचण्या घेणारा इंजिनिअर. त्याला आपल्या मनातल्या विमानाची मोजणी करायची होती, पण वातबोगदा काही भाड्याने मिळणाऱ्या सायकलीसारखा नसतो. पठ्ठ्याने लहान मॉडेल आपल्या मोटारीच्या टपावर बसवले, ताणकाटे जोडले आणि मोटार रस्त्यावर भरधाव सोडली. वारा फुकट! घरच्या घरी विमान 'उडवून' बघणाऱ्या आम्हा मंडळींचा हाच मूळपुरुष, असे मी मानतो.

त्यातून 1972 साली व्हॅरीव्हिगन उडाले, 1975 ला व्हॅरीईझी आणि 1979 ला लाँग-ईझी. विमान तो विकत नसे. विकायचा ते नकाशे आणि पुस्तिका. बांधा तुम्ही. फोमचे ठोकळे तापल्या तारेने कापायचे, त्यावर काचतंतूंचे कापड पसरायचे आणि इपॉक्सीने भिजवायचे. साचा नको, कारखाना नको, मोटारीचे गॅरेज पुरे. गणपतीच्या मखरासाठी रात्र रात्र थर्मोकोल कापलेल्या आमच्या पिढीला हे शिकवायला नको. 2018 साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या मखरांवर बंदी आली, नाहीतर आमच्या गल्लीतून एखादे विमान निघालेच असते.

आता या विमानाचे मर्म. पंख फार वर तोंड करून वाऱ्याला सामोरा गेला की त्याची उचल एकाएकी जाते. याला 'स्टॉल' म्हणतात. आपला वडापावचा तो वेगळा. कॅनार्डमध्ये पुढचा छोटा पंख मुद्दाम जरा जास्त तिरपा बसवतात. वैमानिकाने हावरटपणे दांडी ओढत नेली की आधी दम सोडतो तो पुढचा. नाक आपसूक खाली येते, वेग वाढतो, पुढचा पंख पुन्हा कामाला लागतो, नाक वर येते, पुन्हा खाली. विमान कीर्तनातल्या म्हाताऱ्यासारखे मान डोलावत राहते, पण मागचा मोठा पंख हार खातच नाही. लिलिएन्थालला मारणाऱ्या प्रसंगावरचा हा खरा उतारा. आमच्या घरातही वाद वाढला की आधी मी हार मानतो, म्हणून संसार हवेत आहे.

हे डोलणे पडद्यावर खरे उतरवणे, यातच माझ्या रात्री जातात.

सिम्युलेटरचा जन्मही मोठा सुरेल आहे. एडविन लिंक हा अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावच्या ऑर्गनवाल्याचा मुलगा. 1929 साली त्याने ऑर्गनचेच भाते वापरून जागच्या जागी डुलणारे विमान केले. आपल्या संगीत नाटकवाल्यांनी ऑर्गनच्या भात्यांतून नांदी काढली, याने विमान काढले. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे खपले. 1934 साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले, खराब हवेत वैमानिक पटापट मेले, तेव्हा सैन्याला या खेळण्याची किंमत कळली. 1980 च्या सुमारास ब्रूस आर्टविकने विमान घरच्या संगणकात आणले, 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा प्रपंच थाटला आणि 1995 मध्ये ऑस्टिन मायरचा एक्स-प्लेन आला.

यात दोन संप्रदाय आहेत. एक पंचांगवाल्यांचा. या वेगाला, या कोनाला इतकी उचल, असा अख्ख्या विमानाचा एक तक्ता असतो. संगणक त्यात बोट घालून फळ सांगतो. शेपूट मागे असलेल्या सरळमार्गी विमानाचे यावर भागते. पण एकाच तक्त्यात 'पुढचा थकला, मागचा थकला नाही' हे कसे लिहिणार? दुसरा संप्रदाय पंगतवाल्यांचा. एक्स-प्लेन पंखाचे बारीक तुकडे करतो आणि दर तुकड्यापाशी जाऊन विचारतो, "तुम्हाला वारा किती, कोन किती?" मग सगळ्यांची बेरीज. कॅनार्डला ही पंगत मानवते.

तरी वाढप्याची कसोटी लागतेच. पुढच्या पंखावरून आलेला वारा खाली वळून मागच्या पंखाच्या आतल्या भागावर येतो, आणि बाहेरच्या भागाला उलट थोडा वर उचलतो. हे न शिकवले तर पडद्यावरचे विमान देखणे पण अगदी खोटे वागते. सुकाणू पंखांच्या उभ्या टोकांवर असते आणि दोन्ही बाजूंचे फक्त बाहेरच वळते. विमान उभे करताना पुढचे चाक आत घेऊन त्याला नमाजासारखे गुडघ्यावर बसवावे लागते, नाहीतर वैमानिक उतरताच ते मागे कलंडते. आणि पाऊस! व्हॅरीईझीच्या पुढच्या पंखाचा आकार असा नाजूक होता की थेंब पडताच त्याची उचल घटायची. पुढे जॉन रोंझने पावसाला न भिणारा आकार काढला.

"म्हणजे सर्दी झाली की नाक खाली!" आमच्या हिने निकाल दिला.

वजनाचेही तसेच. ओझे मागे गेले तर पुढचा पंख थकतच नाही, मागचा आधी थकतो, आणि मग विमान ताटासारखे आडवे खाली येऊ लागते. तिथे दांडी काही ऐकत नाही. म्हणून किडकिडीत वैमानिकाला नाकात शिसे ठेवावे लागते. माझी अंगकाठी पाहता मी पडद्यावरही ते ठेवतो. ही म्हणते, शिसे कशाला, दुपारी भात नीट जेवा.

त्यातून मोठा पेच असा की घरी बांधलेली दोन विमाने कधी सारखी नसतात. कोणाचा पंख पाव अंश तिरपा, कोणी इपॉक्सी जास्त ओतलेली. पुरणपोळीची कृती एक असली तरी दर घरची पोळी निराळी. मग 'खरे' वागवायचे म्हणजे नेमके कोणाच्या घरचे विमान?

या प्रश्नाचा विनोद एका ठिकाणी थांबतो.

'कंट्री रोड्‌स'वाला गायक जॉन डेन्व्हर आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी ऐकला आहे. 12 ऑक्टोबर 1997 ला तो कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरावर आपल्या लाँग-ईझीतून एकटा उडत होता. विमान दुसऱ्या कोणी बांधलेले, त्याने नुकतेच विकत घेतलेले. लाँग-ईझीला दोन पंखांत दोन टाक्या असतात आणि एकीवरून दुसरीवर जायला एक कॉक फिरवावा लागतो. नकाशात तो कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर दाखवलेला आहे. बांधणाऱ्याने इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या जागेतून जाऊ नयेत म्हणून तो डाव्या खांद्यामागे बसवला. हेतू चांगलाच होता. तिथे हात पोचवायचा तर अंग पिळून मागे वळावे लागे. चौकशी मंडळाचा निष्कर्ष असा, की इंधन कमी होते, टाकी बदलण्याच्या धडपडीत डेन्व्हरचे लक्ष गेले, नकळत उजवा पाय सुकाणूच्या पट्टीवर दाबला गेला आणि विमान समुद्रात गेले. पंखांनी आपले काम चोख केले होते. राइट बंधूंच्या धास्तीपासून रुटानच्या मोटारीच्या टपापर्यंत साठवलेले सगळे शहाणपण त्या पंखांत होते. ते माणसाच्या खांद्यापर्यंत पोचले नव्हते.

माझ्या सिम्युलेटरमध्ये टाकी बदलायला एक कळ दाबली की काम होते. अर्धा सेकंद, तोही चहा पिता पिता. पंखाचा दर तुकडा मी दशांशापर्यंत खरा केला आणि जिथे माणूस गेला ती जागा मात्र एका बटणावर भागवली, हे मला बरे वाटेना. मग बोहारणीला द्यायला काढलेल्या सामानातून पंख्याचा जुना रेग्युलेटर उचलला, पुतण्याकडून त्याला वायर जोडून घेतली आणि खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे, कपाटाच्या दाराला, तो स्क्रूने घट्ट बसवला. पायांशी सुकाणूच्या पट्ट्या होत्याच.

रात्री पॅसिफिकवर पाचशे फुटांवर टाकी रिकामी केली आणि रेग्युलेटरकडे वळलो. वळल्याबरोबर कंबर पिळली, आणि उजवा पाय, मी काही न सांगता, पुढे रेटला गेला. पुन्हा करून पाहिले. पुन्हा तसेच. मान वळवून पडद्याकडे बघेपर्यंत क्षितिज तिरपे झालेले असायचे आणि पाणी जवळ आलेले.

ही दूधवाल्याचे कूपन ठेवायला बाहेर चालली होती, ती दारातच थांबली. दोनतीनदा माझी ती कसरत तिने पाहिली.

"अहो, एवढं मागे वळता कशाला? समोर बसवा की ते!"

"मूळ नकाशात समोरच होतं," मी म्हणालो.

"मग?"

त्या 'मग?'चे उत्तर देण्याऐवजी मी पेचकस शोधू लागलो. रेग्युलेटर आता खुर्चीपुढे, दोन पायांच्या मध्ये आहे. कपाटाच्या दारावर चार भोके राहिली आहेत, ती कशाची म्हणून पाहुणे विचारतात.